नाल्याची हद्द कुठे संपते?

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावाला वळसा घालून एक नाला वाहतो आणि पुढे बोरी नदीला मिळतो. ‘वाहतो’ हे क्रियापद वर्षातले फार तर अडीच महिने खरे असते; उरलेले दिवस तिथे वेडी बाभूळ, बेशरमाची झुडपे आणि गावाने टाकलेला कचरा यांची वस्ती असते. गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेपुढे या नाल्याच्या खोलीकरणाचा ठराव आला आणि सभेत दोन तट पडले. ठराव मांडणाऱ्यांचा हिशोब सरळ होता: एक किलोमीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल खोदले की तीन कोटी लिटर पाणी अडेल. विरोध करणारी बहुतेक शिकून आलेली तरुण मुले होती. नाला ही निसर्गाची देणगी आहे, तिला यंत्र लावू नका, ती आपोआप सावरेल, असे त्यांचे म्हणणे. दोन तास चाललेल्या या वादात दोन्ही बाजू फक्त पात्राबद्दल बोलत होत्या, म्हणजे दोन काठांमधल्या खळग्याबद्दल. माझ्या मते सगळा वाद इथेच घसरतो. नाला दुथडी भरला की पाणी जिथवर पसरते ती दोन्ही अंगांची सपाट पट्टीही नाल्याचाच भाग आहे. ती पट्टी पाण्याला परत मिळाल्याशिवाय बिघडलेला नाला दुरुस्त होणार नाही. आणि ती आज शेतकऱ्याच्या नावावर असल्यामुळे, योग्य मोबदला दिल्याशिवाय ती मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आधी त्या तीन कोटी लिटरकडे पाहू, कारण सभेवर सर्वाधिक छाप याच आकड्याने पाडली होती. गुणाकार बरोबर आहे. परंतु आमच्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र हजार हेक्टरच्या आसपास धरले, तर त्यावर पडणाऱ्या एका मिलिमीटर पावसाचे पाणी एक कोटी लिटर होते. म्हणजे किलोमीटरभर खोदलेला हा चर जेवढे पाणी धरतो, तेवढेच पाणी शिवारातल्या मातीने केवळ तीन मिलिमीटर पाऊस जास्तीचा मुरवून घेतला तरी साठते. खानदेशाच्या सपाटीवर वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातले हे तीन मिलिमीटर. दुसऱ्या बाजूनेही मोजता येईल. केळीला वर्षाकाठी सुमारे १,८०० मिलिमीटर पाणी लागते. त्या मापाने तीन कोटी लिटरमध्ये दोन हेक्टर केळीही पुरती भिजत नाही. चर पावसाळ्यात एकदाच नव्हे, तीन-चार वेळा भरेल आणि प्रत्येक वेळी काही पाणी मुरेल, हे मान्य आहे. ते धरूनही हा आकडा गावाची तहान भागवणारा नाही. मग तो एवढा मोठा का वाटतो? ग्रामसभेत लिटर मोजले जातात आणि शेतात मिलिमीटर. या दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही म्हणून.

खोलीकरणाच्या बाजूने खानदेशात जे सर्वांत वजनदार उदाहरण दिले जाते ते शिरपूरचे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरीश पटेल यांनी शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांच्या मालिका उभ्या केल्या. कोरड्या विहिरींना पाणी आले, हे तिथल्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याची विहीर भरली त्याला तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नये. परंतु त्या कामाच्या मुळाशी जमिनीच्या पोटाचा एक विशिष्ट विचार होता. तापीच्या गाळाच्या प्रदेशात वरचा चिकण थर पाणी खाली जाऊ देत नाही आणि त्याखाली वाळूचे थर असतात. तो चिकण थर भेदला तर पाण्याला वाट मिळते. शिवाय दर काही अंतरावर बंधारा असल्याने खोदलेला नाला पाणी पळवणारी मोरी न होता एकापुढे एक तळ्यांची माळ झाला. शिरपूरची नक्कल करणाऱ्या कित्येक गावांनी त्यातले फक्त पोकलेन उचलले. आमच्याकडे तापीचा शेकडो फूट गाळ नाही. हातभर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, अशी आमची जमीन आहे. इथे पाणी साठते ते मुख्यतः त्या मुरमात व कातळाच्या वरच्या भेगांत. पात्र कातळापर्यंत खोदणे म्हणजे पाणी जिथे मुरायचे तो थरच ट्रॉलीत भरून बाहेर टाकणे होय. उरलेल्या कातळावर पहिल्या पुराचा चिखल बसला की तळ लिंपल्यासारखा होतो, आणि चरातले पाणी मुरण्याऐवजी उन्हाने आटते. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही गावांची पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा प्रभाव पडला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मधल्या अहवालाने नोंदवले. त्या अहवालावरून पक्षापक्षांत जी चिखलफेक झाली तिच्याशी मला कर्तव्य नाही. मात्र कोणत्या खडकावर कोणते काम करायचे हा प्रश्न त्या गदारोळात जसा हरवला, तसाच तो आमच्या सभेतही हरवलेला होता.

खोल पात्राचा आणखी एक दोष सहसा बोलला जात नाही, कारण तो खोदलेल्या जागी दिसत नाही. तो वर दिसतो. पात्र एका ठिकाणी तीन मीटर खाली नेले की तिथून वरच्या अंगाला एक पायरी तयार होते. दर पुरात पाणी त्या पायरीवरून कोसळते, तिचा पाया खाते आणि ती पायरी प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जाते. चार पावसाळ्यांत ती ओहोळांमध्ये शिरते, ओहोळांतून शेताच्या बांधांपर्यंत पोहोचते. काळ्या मातीचे उभे काठ पुराचे पाणी चढताना टिकतात आणि उतरताना कोसळतात, कारण आतून भिजून जड झालेल्या मातीला बाहेरून पाण्याचा आधार उरत नाही. ज्या शेतकऱ्याने ठरावाला हात वर केला, त्याच्याच बांधावरचे निंबाचे झाड तीन वर्षांनी नाल्यात आडवे झाले तर त्याने दोष कोणाला द्यावा? काठच्या जमिनीतले पाणीही नव्या, खालच्या पातळीला उतरते. बंधाऱ्याने चर भरलेला असेल तोवर लगतच्या विहिरींना आधार मिळतो, हे खरे. चर रिकामा झाला की तोच चर दोन्ही काठांतले पाणी ओढून घेऊन खाली धाडतो. पूर्वी पात्रात वाळू होती तेव्हा असे होत नसे. मीटरभर जाडीच्या वाळूत वीत-दीड वीत पाणी सहज मावते आणि ते हातभर खाली गेले की ऊन त्याला फारसे शिवत नाही. आमच्या आजीच्या काळी वैशाखात बायका नाल्यात झिरा उकरून हंडे भरत, ते पाणी याच वाळूने जपलेले असे. ती वाळू घरांच्या स्लॅबमध्ये गेली. गिरणेच्या वाळूवर सगळे बोलतात. आमच्यासारख्या नाल्यांची वाळू त्याआधीच, बैलगाड्यांच्या आणि पहिल्या ट्रॅक्टरांच्या काळात संपली. आता पाऊस पडला की, आमच्याकडचे म्हातारे म्हणतात तसे, ‘पाणी उनं तसं गयं’, म्हणजे आले तसे गेले.

आता काठच्या पट्टीचा हिशोब करू. त्याच एक किलोमीटरच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर जागा धरली, तर ती दहा हेक्टर भरते. त्या दहा हेक्टरांवर पुराचे पाणी फूटभर उंचीने पसरले तर ते किती होईल? तीन कोटी लिटर. पोकलेनने तीस हजार घनमीटर माती उपसून जी जागा करायची, तेवढीच जागा काठाच्या पट्टीत आयती पडून आहे, आणि ती चिखलाने लिंपलेल्या कातळाऐवजी मातीत पाणी उतरवणारी आहे. शिवाय पसरलेल्या पाण्याचा वेग मोडतो, त्याने वाहून आणलेला गाळ शेतातच बसतो, खालच्या गावाकडे जाणारा लोंढा ठेंगणा होतो. नदीकाठच्या मळईच्या जमिनी गावातल्या सर्वांत सुपीक जमिनी का असतात? पिढ्यान्‌पिढ्या पुराने त्यांना खत घातले म्हणून. आपण मळईचे पीक घेत राहिलो, पण ज्या पुराने ती मळई आणली त्याला बांध घालून बाहेर ठेवले. अडलेले पाणी मग पात्रातच जोर करू लागले आणि त्याने पात्र अधिकच कातरले. म्हणजे नाला बिघडण्याची सुरुवात यंत्रे येण्याच्या खूप आधी, दर पावसाळ्यानंतर दोन हात पुढे सरकलेल्या बांधाने झाली होती.

इथे विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि तो पर्यावरणाचा नसून न्यायाचा आहे. ही पट्टी कोणाची? पात्र सरकारचे आहे, हे जमीन महसूल संहितेच्या कलम २० ने स्पष्ट केले आहे. पण काठची पट्टी बहुतांशी दोन-तीन एकरांच्या धन्यांची आहे. ज्याच्या तीन एकरांतला एक एकर नाल्यालगत आहे, त्याला ‘पुराला जागा द्या’ असे सांगणे म्हणजे गावाच्या पाण्यासाठी एकट्याच्या पोटाला चिमटा काढणे आहे. शहरातून येणारे नदीप्रेमी हे वाक्य फार सहज बोलतात. त्यातून खानदेशातल्या शेतकऱ्याची मोजणीशी जुनी अढी आहे आणि ती उगाच नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत इंग्रजांच्या जमीन मोजणीविरुद्ध हजारो शेतकरी एकत्र आले, तेव्हा सरकारने सैन्य आणून तो उठाव मोडला. साखळी घेऊन आलेला माणूस काहीतरी घेऊनच जातो, ही समजूत तेव्हापासूनची असावी. म्हणून ‘आधी मोजा, मग अतिक्रमण काढा’ या वाटेने नाल्याची दुरुस्ती सुरू झाली, तर ती पहिल्याच बांधावर अडेल आणि अडणेच रास्त ठरेल.

त्याच मोजणीने मागे ठेवलेला एक शब्द मात्र या वादात कामाचा आहे. सातबाऱ्यावर आजही ‘पोटखराब’ असा रकाना असतो. त्यातला ‘अ’ वर्ग खडकाळ, लागवडीला नालायक जमिनीचा आणि ‘ब’ वर्ग रस्ते, नाले अशा सार्वजनिक वापराखालच्या जमिनीचा. या क्षेत्रावर आकारणी नसे. शेताच्या पोटात असूनही जे शेत नाही, ते ओळखून त्यावर सारा न घेण्याइतके भान वसाहतीच्या महसूल खात्यालाही होते. स्वतंत्र महाराष्ट्राने २०१८ मध्ये नियम बदलून ‘अ’ वर्गातली लागवडीखाली आणलेली जमीन लागवडयोग्य क्षेत्रात धरण्याची सोय केली. कर्ज आणि पीकविमा मिळण्याच्या दृष्टीने शेतकऱ्यासाठी ते योग्यच झाले. परंतु ज्या जमिनीवर वर्षातले दहा दिवस पाण्याचा हक्क असावा आणि उरलेले दिवस धन्याचा, अशा जमिनीसाठी आपल्या दप्तरात रकानाच नाही. मोठ्या नद्यांना निदान निळी आणि लाल पूररेषा आहेत, अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या. आमच्या नाल्यासारख्या लहान प्रवाहांच्या वाट्याला अशी रेषा सहसा येत नाही.

मोबदल्याचा प्रश्न अवघड आहे, अशक्य नाही. सरकार शेतजमीन भाड्याने घेत नाही काय? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर पॅनेल उभारण्यासाठी हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे आणि त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर ठरलेला आहे. सूर्यप्रकाश गोळा करण्यासाठी जमीन खंडाने घेता येते, तर पुराचे पाणी गोळा करण्यासाठी का नको? पॅनेलखालची जमीन धन्याला फारशी वापरता येत नाही. पुराच्या पट्टीत मात्र गवत, वैरण, बांबू, जांभूळ, करंज घेता येतात, म्हणून खंड याहून बराच कमी ठेवूनही व्यवहार शेतकऱ्याला परवडेल. पन्नास मीटरच हवेत असेही नाही. दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर घेतले तर किलोमीटरला चार हेक्टर लागतात, आणि सौर योजनेचा पूर्ण दर धरला तरी वर्षाला पाच लाख होतात. दर दोन-तीन वर्षांनी त्याच नाल्यातला गाळ पुन्हा काढण्यावर होणारा खर्च याच्या शेजारी मांडून पाहण्याचे कष्ट कोणी घ्यावेत, एवढीच विनंती आहे.

सामायिक पाण्यासाठी खासगी जमिनीला शिस्त लावणे ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. पांझरेपासून बागलाणातल्या मोसम-आरमपर्यंत शतकानुशतके चाललेली फड पद्धत नेमकी हेच करत होती. नदीत बुटका दगडी बंधारा, त्याच्या डोक्यावरून जाणारा पूर, बाजूने काढलेला पाट आणि पाटाखाली फडांत विभागलेले क्षेत्र. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, फडांचा क्रम आळीपाळीने बदलायचा, पाणी पाटकऱ्याने सोडायचे. जमीन ज्याची त्याची होती, पण तिच्यात काय पेरायचे हे एकट्याच्या मर्जीवर नव्हते. या पद्धतीचे मी भाबडे कौतुक करणार नाही. गावातल्या वतनदारीची आणि जातीची उतरंड तिच्यातही होती, बंधाऱ्याखाली ज्याची जमीन नाही त्याला तिच्यातून काही मिळत नव्हते, आणि वरच्या अंगाला धरणे व घरोघरी विजेचे पंप आल्यावर तिचा जोर ओसरला. तरीही दोन गोष्टी तिच्याकडून घेण्यासारख्या आहेत. त्या लोकांनी पाणी मिळवण्यासाठी नदीचा तळ खाली नेला नाही, पाण्याला वर उचलले. आणि तोटा एकट्यावर पडू नये म्हणून नियम आधी केले, बांधकाम नंतर.

पट्टी बळकावल्याची किंमत अखेर कोण भरतो, हे चाळीसगावने ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे पाहिले. डोंगरात झालेल्या अतिवृष्टीने तितूर आणि डोंगरी या एरवी हडकुळ्या नद्या शहरात शिरल्या. दुकाने, घरे, जनावरे वाहून गेली. धुळे शहराला १८७२ मध्ये पांझरेच्या पुराने असाच तडाखा दिला होता. पाऊस असाधारण होता, हे दोन्ही वेळा खरे आहे. परंतु असाधारण पावसासाठीच तर ती मोकळी पट्टी असते. नदीला दोन बांधांत कोंडण्याचा प्रयोग बिहारने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे: १९५४ मध्ये तिथे पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते आणि तटबंध वाढत गेल्यानंतर ते कमी होण्याऐवजी सुमारे ६९ लाख हेक्टरांवर गेले. उलट्या दिशेचा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने किसिमी नावाची वळणावळणाची नदी १९६२ ते १९७१ या काळात सरळ, खोल कालव्यात घातली. ती चूक उमगल्यावर १९९९ ते २०२१ पर्यंत खपून त्यातला सुमारे ३५ किलोमीटरचा कालवा पुन्हा मातीने बुजवला आणि नदीला तिची वळणे व काठची पाणथळ परत दिली. खोदण्यापेक्षा बुजवणे कितीतरी महाग पडले. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, म्हणून तर खोदण्याआधीच थांबलेले बरे.

आता विरोध करणाऱ्या तरुणांकडे वळतो, कारण ‘नाला आपोआप सावरेल’ हा त्यांचा मुद्दाही तितकाच फसवा आहे. माणसाच्या हयातीत तरी तो सावरणार नाही. एकदा पात्र खाली कातरले की साधा पूर काठावर चढूच शकत नाही, त्यामुळे पट्टी मोकळी ठेवली तरी तिच्यावर पाणी येत नाही. पात्राचा तळ मुद्दाम वर आणावा लागतो: ओहोळांत सुटे दगडी बांध, पात्रात ठरावीक अंतराने बुटके सांडवे, त्यांच्या मागे साठणारा गाळ आणि वाळू न उपसण्याचा गावाचा निश्चय. उभे काठ उतरते करून त्यांवर वाळा, लव्हाळे, निर्गुडी, करंज लावावे लागतात. वेडी बाभूळ मुळासकट काढावी लागते, आणि तिथे यंत्र लागले तर लावावे. माझे भांडण पोकलेनशी नाही. हे सगळे वरून खाली, माथ्यापासून सुरू व्हावे लागते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने हे करून दाखवले आहे. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तीन दशके चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले, कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतः केले, मोडणाऱ्याला दंड ठेवला, आणि जंगलाबरोबर तिथले पाणीही परतले. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आपण सर्वांनी अभिनंदनाचे फलक लावले. त्यांच्या कामातला माथा आपण घेतला नाही, हे निराळे. सपाटीवरच्या आमच्या गावाला जंगल नाही, गायरान आहे. पण तीन मिलिमीटर पाणी मुरवायला तेही पुष्कळ आहे.

वेळेचा आक्षेप उरतो आणि तो मी खोडून काढू शकत नाही. चर एका उन्हाळ्यात खोदून तयार होतो. पट्टी, गवत आणि वर येणारा तळ यांना आठ-दहा पावसाळे लागतील. ज्याच्या केळीला येत्या एप्रिलात पाणी हवे आहे, त्याने तोवर काय करावे? त्याच्यासाठी जिथे खडक साथ देतो तिथे मोजक्या जागी, बंधाऱ्यासह, खोलीकरण करण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती किलोमीटरभर सरसकट खोदण्याला आणि त्यालाच नाल्याचे पुनरुज्जीवन म्हणण्याला.

त्या दिवशी ठराव तहकूब झाला. सभा उठल्यावर मी हाच हिशोब पारावर मांडला, तेव्हा नाल्यालगत दीड एकर असलेल्या एका आबांनी विचारले, “आणि समजा, पूर आलाच नाही, तर खंड मिळणार का?” सभेच्या दोन तासांतही इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. मिळाला पाहिजे, असे मी म्हणालो. खंड पाण्याचा नसून जागा मोकळी ठेवल्याचा आहे, ढगाळ दिवशी सौर पॅनेलचे भाडे कापत नाहीत. आबांनी मान हलवली, आणि करार किती वर्षांचा, मुलांच्या नावे वाटणी झाली तर काय, हे विचारायला सुरुवात केली.